छेदात काय धरायचं?

एका संपादक मैत्रिणीचा रात्री उशिरा फोन आला. दिवसभराच्या बैठकीतून ती नुकतीच सुटली होती आणि आवाजात थकव्यापेक्षा चिडचिड जास्त होती. कंपनीच्या सगळ्या विभागांचा 'भांडवलावरचा परतावा' पडद्यावर एका तक्त्यात दाखवला गेला, त्यात तिचा विभाग तळाला होता आणि तिच्या ओळीला लाल रंग होता. "टक्क्यांवरून मी भांडत नाही रे," ती म्हणाली, "ते तुम्हा लोकांचं काम. पण माझं भांडवल म्हणून त्यांनी एक भलामोठा आकडा धरलाय. तो ठेवलाय कुठं, तेवढं सांग. इतक्या वर्षांत मला तर कुणी दिलेला आठवत नाही." मी हसलो, तक्ता पाठवून दे म्हणालो आणि फोन ठेवला. झोप मात्र लवकर लागली नाही. भांडवल किती, हा प्रश्न मला रोजच पडतो. भांडवल कुठं, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

लोकांचे ताळेबंद वाचणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. भांडवलावरचा परतावा काढायला शाळेतला भागाकार पुरतो. वर अंशात धंद्यातून मिळालेला नफा, व्याज वजा करण्याआधीचा पण कर वजा केलेला. खाली छेदात तो मिळवण्यासाठी अडकवून ठेवलेला पैसा. सिमेंटची किंवा कापडाची कंपनी असली की हा छेद मला डोळ्यांसमोर दिसतो. भट्टी आहे, माग आहेत, जमीन आहे, त्यांची खरेदीची बिलं आहेत. मैत्रिणीच्या तक्त्यात छेदाखाली बारीक अक्षरात एवढंच लिहिलं होतं: साठा, येणी, आगाऊ रकमा. तिनं पहिल्या कच्च्या खर्ड्यापासून सांभाळलेले लेखक, तिनं उभी केलेली मालिका, दर दोन-तीन वर्षांनी मागणी येते म्हणून पुन्हा छापावी लागणारी पुस्तकं, यांतलं काहीही त्यात नव्हतं. होते ते गठ्ठे.

तेव्हा गठ्ठ्यांपासूनच सुरुवात करतो.

उमेदवारीच्या काळात वर्षअखेरचा साठा मोजायला मला एका प्रकाशकाच्या गोदामात पाठवलं होतं. नव्या पुस्तकाचा वास सगळ्यांना आवडतो, पण बंद जागेत रचलेल्या हजारो पुस्तकांचा वास निराळा असतो. खळ, शाई, दमट पुठ्ठा आणि वर प्लास्टिकच्या वेष्टनाचा गोडसर दर्प. तळाचे गठ्ठे वरच्यांच्या वजनानं दबून कंबर मोडल्यासारखे झालेले. एका कोपऱ्यात दुकानांतून परत आलेल्या प्रती होत्या. त्यांचे कोपरे दुमडलेले, मुखपृष्ठावर किमतीच्या चिकटपट्टीचा अर्धवट निघालेला डाग, एखाद्या प्रतीत तर चाळीसएक पानांवर कुणीतरी मुडपलेलं पान. म्हणजे उभ्या उभ्या तिथवर वाचून कुणीतरी ती परत ठेवून दिली होती. गोदाम सांभाळणारे काका गठ्ठ्यांवर थाप मारत पुढं चालायचे आणि मी वहीत लिहायचो. "हे चालतं. हे पडलंय. हे मालकांनी हौसेनं छापलं." माझ्या वहीत या तिन्हींना एकच रकाना होता: प्रती गुणिले एका प्रतीचा छपाईखर्च. बेरीज झाली, सही झाली आणि ती रक्कम ताळेबंदात 'साठा' म्हणून जाऊन बसली. काकांच्या थापेत जी माहिती होती ती त्या बेरजेत कुठंच उतरली नाही. (काकांना हिशेबनीस केलं असतं तर त्या कंपनीचा परतावा निदान खरा तरी निघाला असता, असं मला अजूनही वाटतं.)

छपाईचं गणितच असं आहे की ते माणसाला जास्त छापायला भरीला घालतं. समजा, हजार प्रती काढल्या तर एक प्रत शंभराला पडते आणि तीन हजार काढल्या तर साठाला. अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, यंत्रावर प्लेट चढवणं हा खर्च एकदाच होतो, तो जितक्या प्रतींवर पसरेल तितका बरा. मग तीन हजार छापल्या जातात आणि खपतात बाराशे. पुस्तकामागचा नफा आता झकास दिसतो, कारण विकलेल्या बाराशे प्रतींचा खर्च साठच्या दरानं फक्त बहात्तर हजार लागतो. उरलेले अठराशे नग, म्हणजे एक लाख आठ हजार, खर्च म्हणून दिसतच नाहीत. ते 'मालमत्ता' होऊन गोदामात बसतात. अंश फुगला आणि छेदही फुगला. पहिल्या वर्षी नफा दाखवून शाबासकी मिळते, परताव्याचं पाणी पुढच्या वर्षी मुरायला लागतं. कधीतरी एखाद्या नव्या अधिकाऱ्याला ते गठ्ठे दिसतात, तो त्यांची किंमत शून्य करतो, आणि त्या वर्षी जो कुणी संपादक खुर्चीवर असेल त्याच्या डोक्यावर आधीच्याचं पाप फुटतं.

शून्य करणं तरी सोपं असावं, पण तेही नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९७९ मध्ये एका खटल्याचा निकाल लागला. कंपनीचं नाव थॉर पॉवर टूल. ती यंत्रं आणि त्यांचे सुटे भाग बनवायची, पुस्तकांशी तिचा काही संबंध नव्हता. खपणार नाहीत अशा सुट्या भागांची किंमत तिनं हिशेबात उतरवली होती, पण ते भाग विकत मात्र जुन्याच भावानं होती. न्यायालयानं सांगितलं की करासाठी असं चालणार नाही. माल खरोखर स्वस्तात काढा किंवा मोडीत घाला, मगच तोटा दाखवा. निकाल यंत्रांच्या सुट्या भागांचा आणि फटका पुस्तकांना. हळूहळू का होईना पण वर्षानुवर्षं विकली जाणारी पुस्तकं गोदामात ठेवणं तिथल्या प्रकाशकांना महाग पडू लागलं, आणि त्यांतली कित्येक एरवी गेली असती त्यापेक्षा लवकर लगद्यात गेली. अकाउंटिंगचा एक नियम कागदाचा लगदा कसा करू शकतो याचं यापेक्षा नेमकं उदाहरण मला माहीत नाही. लगदा झाल्यावर छेद अर्थातच लहान होतो. परतावा सुधारतो.

छेदातला दुसरा शब्द येणी. इथंही प्रकाशनाचा धंदा जगावेगळा. १९३० च्या दशकातल्या महामंदीत दुकानदार पुस्तकं घेईनात, म्हणून अमेरिकेतल्या प्रकाशकांनी 'न खपल्यास परत घेऊ' अशी सवलत दिली. मंदी गेली, सवलत राहिली आणि जगभर पसरली. त्यामुळे पुस्तक दुकानात गेलं म्हणजे विकलं गेलं असं होत नाही. ते फक्त गोदाम बदलतं. मार्चमध्ये बिल फाडायचं, जूनमध्ये निम्मे गठ्ठे परत घ्यायचे. आताची लेखामानकं परत येऊ शकणाऱ्या मालाची तरतूद आधीच करायला लावतात हे खरं, पण ती तरतूद किती हे शेवटी कुणीतरी माणूसच ठरवतो, आणि त्या माणसाला यंदाच्या नफ्यावर बोनस असतो. शिवाय वर्ष कुठल्या महिन्यात संपतं यावरही छेद नाचतो. शालेय पुस्तकं छापणाऱ्याचा पैसा शाळा सुरू होण्याआधी कागदात बुडालेला असतो. त्यानंतर तीन-चार महिन्यांनी ताळेबंद काढला तर भांडवल निम्म्यावर आल्यासारखं दिसतं. अशा कंपनीचा आकडा वर्षअखेरच्या एका दिवसावरून काढणाऱ्याला मी गंभीरपणे घेत नाही. बारा महिन्यांच्या अखेरीचे बारा आकडे घ्या, सरासरी काढा, मग बोला.

आणि उलट बाजूला देणी असतात, ती छेदातून वजा होतात. लेखकाची रॉयल्टी सहा महिन्यांनी किंवा वर्षानं मिळते. काही करारांत संभाव्य परतीपोटी तिचा एक हिस्सा आणखी मागं ठेवला जातो. छापखान्याचं बिल तीन महिन्यांनी. हे सगळे प्रकाशकाचे बिनव्याजी सावकार. एखाद्या प्रकाशकाचा परतावा डोळे दिपवणारा दिसला की मी आधी देण्यांचं पान उघडतो. बऱ्याचदा त्या टक्केवारीतला मोठा वाटा लेखकाच्या सोशिकपणाचा असतो. लेखकानं त्या पुस्तकावर घातलेली वर्षं तर कुणाच्याच ताळेबंदात नसतात, ना त्याच्या, ना प्रकाशकाच्या.

तिसरा शब्द आगाऊ रकमा. करार झाला की लेखकाला काही रक्कम आधी दिली जाते आणि पुढं होणाऱ्या रॉयल्टीतून ती वळती होते. पुस्तक पडलं तर उरलेली रक्कम लेखकाकडून सहसा परत मागत नाहीत. म्हणजे हे कर्ज म्हणावं तर फेडीची सक्ती नाही, आणि खर्च म्हणावं तर ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला बसलंय. गंमत अशी की आगाऊ रक्कम पूर्ण वळती झाली नाही तरी त्या पुस्तकात प्रकाशकाला नफा झालेला असू शकतो, कारण रॉयल्टीचा दर प्रतीमागच्या कमाईच्या मानानं लहान असतो. हे सगळ्या संपादकांना ठाऊक असतं. तरीही 'ॲडव्हान्स बुडाला' हे वाक्य बैठकीत उच्चारलं गेलं की खोलीतली हवा बदलते.

आतापर्यंत जे छेदात आहे त्याबद्दल बोललो. जे नाही ते जास्त अवघड आहे.

आंतरराष्ट्रीय लेखामानक ३८ हे अमूर्त मालमत्तांबद्दलचं मानक. त्यात स्पष्ट म्हटलंय की कंपनीनं स्वतः उभे केलेले ब्रँड, नियतकालिकांची शीर्षकं, प्रकाशनं आणि ग्राहकयाद्या मालमत्ता म्हणून दाखवायच्या नाहीत. कारणही दिलंय: यांच्यावर झालेला खर्च हा एकूण धंदा वाढवण्याच्या खर्चातून वेगळा काढता येत नाही. कारण मला पटतं. मैत्रिणीनं एका लेखकाबरोबर पावसाळाभर बसून कादंबरीचा तिसरा भाग पुन्हा रचून घेतला, तर त्या बैठकांतला किती पगार त्या पुस्तकाचा आणि किती तिच्या पुढच्या तीस वर्षांच्या नजरेचा? कोण सांगणार? म्हणून तो सगळा त्या वर्षीचा खर्च. पुस्तक पुढं पंचवीस वर्षं चालतं, दर आवृत्तीला फक्त कागद, छपाई, बांधणी आणि रॉयल्टी. बाकी सगळं पहिल्याच वर्षी जिरलेलं. अशा पुस्तकाचा परतावा काढायचा तर छेदात जवळजवळ काही सापडतच नाही. आणि त्याच वर्षी आलेल्या नव्या पुस्तकांच्या छेदात सगळं काही असतं, वरचा नफा तेवढा नसतो. शैक्षणिक प्रकाशकांच्यात याउलट प्रथा आढळते: पाठ्यपुस्तकाचा छपाईपूर्व खर्च ते मालमत्ता म्हणून धरतात आणि काही वर्षांत टप्प्याटप्प्यानं उतरवतात. काम तेच, लाल पेनही तोच, पण एकाचा छेद भरलेला आणि दुसऱ्याचा रिकामा. या दोघांचे टक्के शेजारी शेजारी मांडणाऱ्या तक्त्याला काय म्हणावं?

खरी फजिती होते ती प्रकाशनसंस्था विकली जाते तेव्हा. कालपर्यंत जी जुनी यादी शून्य होती ती आज घेणाऱ्याच्या ताळेबंदात दिलेल्या किमतीला उभी राहते. थोडी लेखककरारांच्या नावानं, थोडी संस्थेच्या नाममुद्रेच्या नावानं, आणि उरलेली गुडविल म्हणून, म्हणजे मोजता येणाऱ्या मालमत्तेपलीकडे मोजलेली जादा किंमत म्हणून. सायमन अँड शुस्टर या अमेरिकी प्रकाशनसंस्थेचं प्रकरण यासाठी मला फार बोलकं वाटतं. २०२० मध्ये पेंग्विन रँडम हाऊसनं ती २१७.५ कोटी डॉलरना घ्यायचं ठरवलं. अमेरिकी सरकार न्यायालयात गेलं, २०२२ च्या ऑक्टोबरअखेर न्यायालयानं व्यवहार अडवला, आणि २०२३ मध्ये तीच संस्था केकेआर या गुंतवणूक कंपनीकडे १६२ कोटी डॉलरना गेली. आता त्या संस्थेचा वर्षाचा नफा काहीही धरा. पुस्तकं तीच, लेखक तेच, संपादक बऱ्याच अंशी तेच. तो नफा २१७.५ नं भागला तर जो परतावा येईल त्यापेक्षा १६२ नं भागल्यावर येणारा एक तृतीयांशानं जास्त. पुस्तकांत काडीचाही फरक न पडता. आणि विकायचा विषयच निघाला नसता तर तिसराच आकडा आला असता. मग हा टक्का नक्की कशाचा? मालकानं मोलभाव कसा केला याचा, असं म्हणता येईल. पुस्तकं कशी काढली याचा तो नव्हे. म्हणून मी नेहमी दोन आकडे काढतो, एक गुडविल धरून आणि एक वगळून. पहिला मालकाला विचारायचा, दुसरा संपादकाला. बैठकीत बहुतेक वेळा पहिला दाखवून दुसऱ्याला झापलं जातं.

छेद शून्याच्याही खाली जाऊ शकतो हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चाटच पडलो होतो. संशोधनपत्रिकांचं प्रकाशन घ्या. शोधनिबंध लिहिणाऱ्याला प्रकाशक मानधन देत नाही, तपासणारे तज्ज्ञ बहुधा फुकट तपासतात, आणि ग्रंथालयं वर्षाची वर्गणी आगाऊ भरतात. अंक निघायच्या आधीच पैसा हातात. साठा नगण्य, येणी थोडी आणि वर आगाऊ वर्गणीचं देणं. बेरीज-वजाबाकी केली की गुंतवलेलं भांडवल उणे येतं. उणे संख्येनं भागून आलेल्या टक्क्याला अर्थ नसतो, पण धंद्याला असतो. रॉबर्ट मॅक्सवेल या ब्रिटिश प्रकाशकानं संशोधनपत्रिका काढणारी आपली पर्गमॉन प्रेस १९९१ मध्ये त्याच धंद्यातल्या एल्सव्हियरला ४४ कोटी पौंडांना विकली, ती याच गुणावर. आणि विकली गेल्या क्षणी ते ४४ कोटी घेणाऱ्याचं भांडवल झालं. आज एल्सव्हियर ज्या रेलेक्स समूहात आहे त्यानं २०२३ साठी दाखवलेला समायोजित नफा उत्पन्नाच्या साधारण ३३ टक्के होता आणि गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा १४ टक्के. समूहात कायदा, जोखीम-विश्लेषण, प्रदर्शनं असे इतर धंदेही आहेत, तेव्हा सगळं पत्रिकांच्या नावावर टाकता येणार नाही. तरी विकत घेतलेल्या गोष्टी छेदात धरल्या की घसघशीत नफ्याचाही टक्का कसा माणसात येतो ते यात दिसतं.

याच्या दुसऱ्या टोकाला पेंग्विनची सुरुवात. ड्यूपाँ कंपनीतल्या डोनाल्डसन ब्राऊन या माणसानं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात परताव्याची फोड करून दाखवली: विक्रीमागचा नफा गुणिले भांडवल वर्षात किती वेळा फिरतं ते. बारा टक्के नफा आणि एक फेरा, किंवा चार टक्के आणि तीन फेरे; उत्तर एकच. पेंग्विन काढणाऱ्या ॲलन लेनला ही फोड माहीत होती की नाही कोण जाणे, पण १९३५ मध्ये त्यानं सहा पेन्सला कागदी बांधणीची पुस्तकं काढली ती सगळी फेऱ्यांच्या भरवशावर. प्रतीमागं उरणारे पैसे इतके थोडे की हजारोंनी खप झाल्याशिवाय खर्चच निघणार नव्हता. पुस्तकविक्रेत्यांनी नाकं मुरडली. वूलवर्थ या स्वस्त दुकानांच्या साखळीनं ६३,५०० प्रतींची मागणी नोंदवली तेव्हा गाडं रुळावर आलं. यातली एक बारीक गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. ती पुस्तकं आधी दुसऱ्यांनी पुठ्ठा बांधणीत काढलेली होती. लेखक शोधणं, संपादन, पहिली जोखीम हे सगळं दुसऱ्याच्या खर्चानं होऊन गेलं होतं. लेननं पुनर्मुद्रणाचे हक्क तेवढे घेतले. म्हणजे त्या चमत्कारातलं बरंचसं भांडवल इतर प्रकाशकांच्या जुन्या वह्यांत खर्ची पडलेलं होतं.

हे सगळं मैत्रिणीला सांगत गेलो आणि ती ऐकत होती. पण मला स्वतःला ज्या गोष्टीनं अस्वस्थ केलं ती तिच्या तक्त्याच्या वरच्या ओळीत होती. सगळ्यात जास्त परतावा असलेला विभाग हिरव्या रंगात झळकत होता. "यांच्याकडे नवीन काय येतंय?" मी विचारलं. ती म्हणाली, "काही नाही. बऱ्याच वर्षांत त्यांनी एकही नवा लेखक घेतलेला नाही."

हे गणित एकदा करून पाहण्यासारखं आहे. समजा एका प्रकाशकाचं भांडवल शंभर. जुनी यादी वर्षाला तीस मिळवून देते आणि नव्या पुस्तकांत पहिल्या वर्षी अठराचा खड्डा पडतो. नफा बारा, परतावा बारा टक्के. आता नवी पुस्तकं बंद करा. खड्डा बुजला, नफा तीस. आगाऊ रकमा द्यायच्या नाहीत, नवे गठ्ठे नाहीत, म्हणून भांडवल उतरून सत्तर. परतावा त्रेचाळीस टक्के. पुढच्या वर्षी जुनी यादी थोडी सुकते, नफा सत्तावीस. भांडवल मात्र पंचावन्नवर आलेलं, परतावा एकोणपन्नास. त्याच्या पुढं चोवीस भागिले पंचेचाळीस, त्रेपन्न टक्के. नफा दर वर्षी घटतोय आणि आलेख दर वर्षी चढतोय. अध्यक्षांच्या निवेदनात याला 'भांडवली शिस्त' म्हणतात. बियाणं विकून खाणाऱ्या शेतकऱ्याचाही त्या हंगामाचा हिशेब असाच देखणा दिसेल. मी कित्येक वार्षिक अहवालांत हा चढता आलेख पाहिलाय आणि प्रत्येक वेळी मागची पानं उलटून नव्या पुस्तकांची संख्या शोधलीय. ती सहसा दिलेली नसते.

हाच प्रकार कुणी वाईट हेतूनं न करताही होतो. विश्वकोश दारोदार विकले जात त्या काळात वर्ल्ड बुक ही स्कॉट फेट्झर नावाच्या कंपनीची शाखा होती. वॉरन बफेट यांच्या बर्कशायर हॅथवेनं ती कंपनी १९८६ मध्ये ३१.५२ कोटी डॉलरना घेतली, तेव्हा तिचं पुस्तकी मूल्य १७.२६ कोटी होतं. बफेट यांनी भागधारकांना लिहिलेल्या पत्रांत ही कंपनी उदाहरण म्हणून घेतलीय: फारसं नवं भांडवल न मागता ती कमावत राहिली आणि कमाई मालकाकडे पाठवत राहिली. परताव्याच्या दृष्टीनं याहून गुणी कंपनी कुठली? पण विश्वकोशांच्या धंद्याकडे काळाचं बारीक लक्ष होतं. ब्रिटानिका या विश्वकोशाची छापील विक्री १९९० मध्ये शिखराला पोचली. १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एन्कार्टा हा विश्वकोश संगणकाच्या एका तबकडीवर आला. २०१२ मध्ये ब्रिटानिकानं छापील आवृत्ती थांबवली, आणि त्याच्याही आधी, २००९ मध्ये, एन्कार्टा बंद झाला होता. भागाकार मागच्या वर्षाचा असतो. पुस्तकांच्या धंद्यात मागचं वर्ष म्हणजे बहुतेक वेळा दहा-वीस वर्षांपूर्वी कुणीतरी घेतलेल्या निर्णयांचं पीक, आणि ते निर्णय घेणारा माणूस तोवर निवृत्त झालेला असतो.

तिच्यासाठी मी दुसरा तक्ता करायला घेतला. आडव्या ओळींत प्रकाशनाची वर्षं, प्रत्येक वर्षी निघालेल्या सगळ्या पुस्तकांवर झालेला सगळा खर्च, म्हणजे संपादकांचा पगार, आगाऊ रकमा, बुडालेल्या आवृत्त्या, लगदा झालेले गठ्ठे. आणि उभ्या रकान्यांत त्या वर्षीच्या पुस्तकांनी तेव्हापासून आजतागायत दर वर्षी काय परत आणलं ते. द्राक्षाची दारू जशी ती कुठल्या वर्षीच्या पिकाची यावरून ओळखतात तसं हे. ताळेबंदातून हे निघत नाही; जुन्या रॉयल्टीच्या वह्या लागतात. त्या तिनं मिळवल्या, कशा ते मी विचारलं नाही. झेरॉक्स फिकट होत्या, काही ठिकाणी शाई फुटलेली, समासात कुणाच्या तरी हस्ताक्षरात 'पु. मु.', म्हणजे पुनर्मुद्रण, आणि तारीख. पहिली तीन-चार वर्षं प्रत्येक ओळ लाल. मग हळूहळू रंग बदलतो. एका ओळीत पहिली सात वर्षं तोटा आणि त्यानंतर अखंड जमा, कारण त्या वर्षी निघालेल्या डझनभर पुस्तकांतलं एक पुढं अभ्यासक्रमाला लागलं. बाकीची पुस्तकं आज कुणाला आठवत नाहीत. ज्या वर्षांच्या ओळी शेवटपर्यंत लालच राहिल्या अशाही आहेत, आणि त्या तिनं झाकायला सांगितल्या नाहीत.

हे करताना एका जागी मात्र मी अडकलो. तिच्या एका लेखकाची पहिली तीन पुस्तकं पडली, चौथं चाललं. आणि चौथं चालल्यावर लोक आधीची मागायला लागले, तेव्हा ती तिन्ही पुन्हा छापावी लागली. पहिल्या तिन्हींवर बुडालेला पैसा आता कुठं धरायचा? हिशेबतपासनीस म्हणेल, ज्या त्या वर्षीचा तोटा, विषय संपला. मैत्रीण म्हणाली, पहिली तीन छापली नसती तर त्यानं चौथं लिहिलंच नसतं, निदान आमच्याकडे तरी आणलं नसतं. तेव्हा तो चौथ्याचाच खर्च. मला तिचं म्हणणं बरोबर वाटलं. ती रक्कम मी चौथ्या पुस्तकाच्या छेदात टाकली, मधली वर्षं पैसा अडकून राहिल्याची किंमत, म्हणजे भांडवलाचा खर्चही, त्यावर चढवला आणि खाली तळटीप लिहिली की तपासनिसाला हे मान्य होणार नाही. त्या पुस्तकाचा टक्का त्यामुळे बराच खाली आला. तीन पुस्तकं पडल्यावर ज्यांची चौथी कधी आलीच नाहीत अशा लेखकांवरचा पैसा कुठल्याच पुस्तकाला लावता येईना. तो शेवटी सगळ्या यादीवर सारखा वाटून टाकला.